जोन ऑफ आर्क : संत आहे, मग हुतात्मा का नाही? (एकांकिकेसाठी मदत हवी)

रंगपट

एकांकिका स्पर्धेसाठी जोन ऑफ आर्कवर (पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध लढलेली फ्रेंच शेतकऱ्याची मुलगी) चाळीस मिनिटांची संहिता लिहून होत आली आहे. चार पात्रं, एक कोठडी, शेवटी वध. काही जागा कच्च्या वाटतात. जाणकारांनी निर्दयपणे तपासाव्यात.

१) शेवटी निवेदक म्हणतो : "ज्या चर्चने तिला जाळलं, त्याच चर्चने १९२० साली तिला हुतात्मा संत म्हणून जाहीर केलं." यातलं 'हुतात्मा' चूक आहे असा आक्षेप आला आहे. का?
२) पुरुषी कपडे घातले म्हणून जाळलं, हे खरं की सोपं करून सांगितलेलं?
३) चिलखत, तलवार, निशाण नेमकं कसं होतं? आमचं बजेट तुटपुंजं आहे, पण ढोबळ चूक नको.
४) खटल्यातले तिचे संवाद जसेच्या तसे वापरता येतील का?
५) शेवटच्या दृश्यात तिचा अस्थिकलश दाखवायचा आहे. अवशेष कुठे ठेवले आहेत?
६) प्रस्तावनेत 'फ्रान्सची झाशीची राणी' असं एक वाक्य आहे. ठेवू?

---

तळटीप

पाचवा प्रश्न आधी, कारण त्यावर दृश्य उभं आहे. कलश काढून टाका. अवशेष नाहीत. ३० मे १४३१ ला फ्रान्समधल्या रूआं शहराच्या जुन्या बाजारात तिला जाळल्यावर राख सेन नदीत टाकली. लोकांनी पूजेला काही नेऊ नये हाच हेतू होता.

१८६७ मध्ये पॅरिसच्या एका औषधाच्या दुकानात 'जोनचे अवशेष' अशी चिठ्ठी लावलेली बरणी सापडली, पुढे ती शिनों गावच्या संग्रहालयात गेली. २००७ मध्ये फिलिप शार्लिए या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या गटाने तपासणी केली, तर आत निघाली इजिप्तच्या ममीची बरगडी आणि मांजराच्या मांडीचं हाड. एकांकिका विनोदी असती तर कलश ठेवा म्हटलं असतं.

आता पहिला प्रश्न. तुमच्या वाक्यात तीन वेगळे निर्णय एकात कालवले गेले आहेत. ते सुटे केले की गोंधळ निम्मा संपतो.

१४३१ : रूआंचा खटला. न्यायाधीश बोव्हेचे बिशप पिएर कोशों आणि उप-इन्क्विझिटर (पाखंड शोधणारा चर्चचा अधिकारी) जाँ ल मेत्र. चर्चचंच न्यायालय, पण स्थानिक. खर्च इंग्रजांचा, किल्ला इंग्रजांचा, पहारेकरी इंग्रज. इंग्रजांच्या बाजूच्या ज्या बर्गंडीवाल्यांनी तिला २३ मे १४३० ला काँपिएन्यला पकडलं, त्यांच्याकडून १०,००० लीव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजून तिला घेण्याच्या सौद्यात मध्यस्थ होते तेही हेच कोशों.

१४५६ : रद्दबातल करण्याचा निवाडा. जोनची आई इझाबेल रोमे हिच्या अर्जावर पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी ११ जून १४५५ ला परवानगी दिली. सुनावणी त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिसच्या नोत्र दाममध्ये सुरू झाली. शंभरावर साक्षीदार तपासले गेले : गावातल्या बायका, तिच्यासोबत लढलेले सरदार, पहिल्या खटल्याचे कारकून. ७ जुलै १४५६ ला रूआंमध्येच निकाल वाचला. पहिला खटला कपट आणि अन्याय यांनी भरलेला, म्हणून शून्यवत. आरोपपत्राची प्रत सर्वांसमोर फाडली. कोशों तोवर मरून साडेतेरा वर्षं झाली होती.

हा निवाडा एवढंच म्हणतो की खटला बेकायदा होता. ती संत आहे असं त्यात कुठेही नाही.

१९२० : संतपद. १८६९ मध्ये ओर्लेआंचे बिशप द्युपांलू यांनी मागणी केली. १८९४ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी प्रकरण दाखल करून घेतलं, १९०४ मध्ये पायस दहावे यांनी तिचे सद्गुण 'वीरोचित' ठरवले, १८ एप्रिल १९०९ ला ती 'धन्य' (संतपदाआधीची पायरी) झाली आणि १६ मे १९२० ला बेनेडिक्ट पंधरावे यांनी संत म्हणून घोषित केलं. म्हणजे जाळल्यापासून ४८९ वर्षं.

'त्याच चर्चने' हे शब्द मात्र खोटे नाहीत. पॅरिस विद्यापीठाच्या धर्मपंडितांनी आरोपांना अनुकूल मत दिलं होतं. 'ते काही खरं चर्च नव्हतं' ही पळवाट प्रेक्षकाला देऊ नका.

---

वसईचा_वारा

'हुतात्मा' का नाही, यावर सविस्तर लिहितो, कारण मराठीत हा शब्द फार सैल झाला आहे. देशासाठी, भाषेसाठी, चळवळीत, जो जीव देतो तो आपल्याकडे हुतात्मा. मुंबईत तर त्या नावाचा चौकच आहे. कॅथलिक व्यवहारात मात्र ही काटेकोर पदवी आहे आणि ती मिळायला अटी आहेत.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'साक्षीदार'. अट पहिली : मरण प्रत्यक्ष आलं पाहिजे. अट दुसरी : मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलं पाहिजे, आणि हेतूचा पुरावा लागतो. अट तिसरी : मरणाऱ्याने ते श्रद्धेखातर स्वीकारलेलं असलं पाहिजे.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया, फ्रान्सिस्कन बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने पंचवीस जणांसोबत क्रुसावर चढवले गेले, १८६२ मध्ये संत झाले. मारणारी सत्ता ख्रिस्ती नाही, आरोप ख्रिस्ती धर्माच्या प्रचाराचा, मरणाऱ्यांनी माघार घेतली नाही. तिन्ही अटी सरळ बसतात. म्हणून ते हुतात्मा.

जोनला या अटी लावून पाहा. मारणारे कोण? बिशप, धर्मपंडित, आणि रोज मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकणारे इंग्रज. त्यांचा राग ख्रिस्ती श्रद्धेवर नव्हता. राग होता तिने इंग्रजांच्या वेढ्यातून ओर्लेआं शहर सोडवल्याचा आणि फ्रान्सच्या चार्ल्सला १७ जुलै १४२९ ला रँसला नेऊन राज्याभिषेक करवल्याचा. तिला पाखंडी ठरवलं की चार्ल्सचा मुकुट पाखंडी बाईने दिलेला ठरतो, हे साधं राजकारण. त्यामुळे दुसरी अट अडते. तिसरीही डळमळते, कारण २४ मे ला तिने जीव वाचवण्यासाठी माघारीच्या कागदावर खूण केली होती. चार दिवसांनी ती फिरवली, पण केली होती हे खरं.

म्हणून रोमने तिचं प्रकरण हुतात्म्याच्या मार्गाने नेलंच नाही. सद्गुणांच्या मार्गाने नेलं. तो लांबचा : आयुष्यभराचं आचरण तपासलं जातं आणि चमत्कार सिद्ध करावे लागतात. 'धन्य' ठरवताना तीन जोगिणींचे (नन्सचे) असाध्य आजार बरे झाल्याचे दाखले मान्य झाले. उपासनेत तिची नोंद 'कुमारिका' म्हणून होते, 'हुतात्मा' म्हणून नाही.

वेशभूषेला उपयोगी पडेल असा एक पुरावा देतो. हुतात्म्याच्या सणाला धर्मगुरू मिस्सेसाठी लाल वस्त्रं घालतो, रक्ताचा रंग. जोनच्या सणाला, ३० मे ला, पांढरी. शेवटच्या प्रसंगात धर्मगुरू दाखवणार असाल तर लाल नेसवू नका.

जाता जाता : 'योद्धा संत' म्हटलं की लोक सेबास्टियन आणि जॉर्ज यांच्या पंक्तीत तिला बसवतात. ते रोमन सैन्यातले, आणि परंपरा सांगते त्यानुसार श्रद्धा सोडेनात म्हणून मारले गेले. (सेबास्टियन बाणांनी मेला असं सगळ्यांना वाटतं. कथेत तो बाणांतून वाचतो आणि नंतर सोट्यांनी मारला जातो.) त्यांचं सैनिक असणं हा पेशा होता, लढाईमुळे कोणी संत झालं नाही. जोनही युद्ध जिंकल्यामुळे संत झालेली नाही.

---

आडवातिडवा

वसईकर, व्याख्या पटली, पण पूर्ण नाही. ती म्हणत होती की तिला ऐकू येणारे आवाज देवाकडून येतात, न्यायालय म्हणत होतं ते सैतानाचे आहेत असं मान्य कर. तिने अखेर मान्य केलं नाही आणि मेली. याला श्रद्धेची साक्ष नाही तर काय म्हणायचं? फ्रान्समध्ये लोक तिला सर्रास हुतात्मा म्हणतात. १४५६ च्या साक्षींतही तिच्या मरणाचं वर्णन एखाद्या हुतात्म्याच्या मरणासारखंच येतं : ज्वाळांतून येशूचं नाव घेत राहिली, समोर क्रूस धरायला सांगितला.

---

वसईचा_वारा

@आडवातिडवा, लोक म्हणतात हे मान्यच. पण संहितेतलं वाक्य 'चर्चने हुतात्मा म्हणून जाहीर केलं' असं आहे, आणि ते घडलेलं नाही. पात्राच्या तोंडी 'ती हुतात्मा होती' खुशाल घाला. निवेदकाच्या तोंडी १९२० सालासोबत नको.

आणि खाजगी साक्षात्कार खरा मानणं हे कॅथलिक श्रद्धेचं कलम नाही. संतपद देतानाही रोमने 'आवाज खरेच मायकेल, कॅथरीन, मार्गारेट या संतांचे होते' हे कुणावर बंधनकारक केलेलं नाही. त्यामुळे आवाजांवरून मेली म्हणजे श्रद्धेवरून मेली, हे समीकरण तिथे चालत नाही.

---

कैफियत

दुसरा आणि चौथा प्रश्न.

कपड्यांमुळे जाळलं, हे अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच नाटक आहे. त्या काळच्या धर्मकायद्यात पाखंडाचा आरोप सिद्ध झालेल्याने शपथेवर माघार घेतली तर त्याला जाळता येत नसे. प्रायश्चित्त, कैद, एवढंच. जाळता यायचं ते माघार घेऊन पुन्हा त्याच वाटेला गेलेल्याला. हे डोक्यात ठेवून शेवटचा आठवडा पाहा.

२४ मे, गुरुवार, सँ-तुआं मठाच्या दफनभूमीत जाहीर सभा. निकालपत्र वाचायला सुरुवात होते, जाळण्याची तयारी समोर. ती खचते आणि कागदावर खूण करते. शिक्षा : जन्मठेप. आवाज नाकारायचे आणि बायकी पोशाख घालायचा. ती विनवते की आता तरी चर्चच्या तुरुंगात न्या. कोशों तिला इंग्रजांच्या त्याच कोठडीत परत पाठवतात.

२८ मे, सोमवार. न्यायाधीश कोठडीत येतात, ती पुरुषी पोशाखात. का, असं विचारल्यावर तिचं नोंदलेलं उत्तर असं की पुरुषांमध्ये राहायचं तर हाच पोशाख योग्य, शिवाय मिस्सा ऐकू देण्याचं आणि बेड्या काढण्याचं वचन पाळलं गेलं नाही. मग आवाजांबद्दल विचारतात. ती सांगते की जीव वाचवण्यासाठी माघार घेतली हा द्रोह झाला असं कॅथरीन आणि मार्गारेट यांनी कळवलं आहे. इथे कारकुनाने समासात लॅटिनमध्ये दोन शब्द लिहिले आहेत : रेस्पोन्सिओ मोर्तिफेरा. प्राणघातक उत्तर. मूळ कागदावरचा हा शेरा आहे, नाटककाराला आयता मिळालेला.

म्हणजे कपडे हा 'पुन्हा वाट वाकडी केली' याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता, आणि आवाज हा खरा मुद्दा. २९ मे ला जमलेल्या बहुतेक पंडितांनी मत दिलं की माघारीचा कागद तिला पुन्हा वाचून, समजावून सांगावा. तसं झालं नाही. दुसऱ्या सकाळी चिता.

तिने ते कपडे पुन्हा का घातले, याची दोन उत्तरं कागदांत आहेत आणि ती मिसळू नका. वर दिलेलं १४३१ चं. दुसरं पंचवीस वर्षांनंतरच्या साक्षींतलं : पहारेकऱ्यांनी बायकी कपडे काढून घेऊन पुरुषी कपड्यांची थैली समोर टाकली, आणि तिच्यावर बळजबरीचा प्रयत्न झाला. दोन्ही दाखवायचं तर दुसरं एखाद्या साक्षीदाराच्या तोंडून येऊ द्या.

इथे वेशभूषेचा एक तपशील अर्थाला हात घालतो. आरोपपत्रात लिहिलंय की तिची विजार एकसंध होती आणि वरच्या बंडीला वीस नाड्यांनी बांधलेली होती. वीस! सैनिकाला एवढ्या लागत नाहीत. पहारेकरी कोठडीच्या आत झोपत, आणि वीस गाठी सोडवायला वेळ लागतो. आरोपपत्राला तो निर्लज्जपणा वाटला, वाचणाऱ्याला कारण दिसतं. विजारीला नाड्या दिसतील अशा लावा आणि कोठडीच्या प्रसंगात ती त्या एकेक आवळताना दाखवा. संवाद लागणार नाही.

कपड्यांची मुभाही धर्मशास्त्रात होती. बायबलच्या 'अनुवाद' (ड्यूटरोनॉमी) नावाच्या पुस्तकात स्त्रीने पुरुषवेश घालू नये असं आहे, पण तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनास या धर्मपंडिताने गरजेपोटी, शत्रूपासून लपायला किंवा दुसरं वस्त्र नसल्यास ते दोष नाही असं आधीच लिहून ठेवलं होतं. पंडितांना हे ठाऊक नव्हतं असं होऊच शकत नाही.

संवादांबद्दल. प्रश्नोत्तरं फ्रेंचमध्ये झाली, कारकून फ्रेंचमध्ये टिपणं घेत, नंतर लॅटिन प्रत तयार झाली. पाच अधिकृत नकला झाल्या, तीन टिकल्या. तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो विरोधकांच्या कारकुनांकडून, तोही बहुतेक 'तिने सांगितले की' अशा अप्रत्यक्ष रूपात. म्हणून 'जसंच्या तसं' म्हणू नका, 'नोंदीवरून' म्हणा. पण नोंदी चोख आहेत.

वापरावाच असा एक : २४ फेब्रुवारीची बैठक. प्रश्न : तू देवाच्या कृपेत आहेस का? सापळा आहे. 'हो' म्हटलं तर उद्धटपणा, कारण कृपेत असल्याची खात्री कुणालाच असू शकत नाही अशी शिकवण. 'नाही' म्हटलं तर पापाची कबुली. तिचं उत्तर : नसेन तर देवाने मला त्यात आणावं, असेन तर देवाने मला त्यात ठेवावं. मराठीत हे लांबवू नका, दोन सारखे तुकडे हवेत. 'नसेन, तर देव आणो. असेन, तर देव राखो.' एवढंच पुरे.

टाळावा असा एक : माघारीचा कागद मोठ्याने वाचायचा प्रसंग. सभेला हजर असलेल्यांच्या साक्षीत कागद सहा-सात ओळींचा होता, नोंदीत चिकटवलेला मजकूर त्याच्या कितीतरी पट लांब आहे. लांब मजकूर वाचलात तर बनावट असल्याचा संशय असलेला कागद तुम्ही खरा ठरवता. ओळखीच्या चार मुद्द्यांत आटपा.

---

रंगपट

वीस नाड्या! हा प्रसंग मी रात्रीच लिहितोय. तुरुंगाच्या नियमाबद्दल एक शंका : चर्चच्या कैद्याला इंग्रजांच्या किल्ल्यात ठेवणं हे त्या काळीही बेकायदा होतं, की आपल्याला आज तसं वाटतं?

---

कैफियत

त्या काळीही. धर्मन्यायालयाच्या कैद्याने धर्मसत्तेच्या तुरुंगात असायचं, आणि स्त्री कैद्यावर स्त्रियांचा पहारा. १४५६ च्या निवाड्यात जे दोष मोजले गेले त्यात हा आहे. तिने पोपकडे दाद मागितली ती दुर्लक्षिली गेली, हाही आहे. तुमच्या एका पात्राला, समजा कारकुनाला, हे नियम माहीत असू द्या आणि गप्प बसू द्या. कारकून गियोम मांशों दोन्ही खटल्यांत आहे : पहिल्यात लिहिणारा, दुसऱ्यात साक्ष देणारा. चार पात्रांत एक त्याला द्याच.

---

लोहारआळी

सामानसुमान.

चिलखत : राजाच्या खजिनदाराच्या हिशोबात नोंद आहे, 'कुमारिकेसाठी पूर्ण चिलखत, १०० लीव्र', तूर शहरात बनवलेलं, एप्रिल-मे १४२९. निशाणाच्या रंगाऱ्याला २५ लीव्र. तळटीप यांनी दिलेला १०,००० चा आकडा यांच्या शेजारी ठेवा, म्हणजे शत्रूने तिची किंमत काय लावली ते कळेल. चिलखताला 'पांढरं' म्हणत, म्हणजे रंगवलेलं नव्हे, वर कापड किंवा नक्षी नसलेलं उघडं पोलाद. चुन्यासारखं पांढरं फासू नका, ही चूक बऱ्याच मंडळींकडून होते. त्या काळच्या पूर्ण चिलखताचं वजन साधारण २० ते २५ किलो, पण अंगभर वाटलेलं.

तुमच्यासाठी : ५ मिमी ईव्हीए फोमची शीट. छाती, पाठ, दोन खांदे, दोन दंड, दोन पोटऱ्या, एवढंच करा. मांड्या सोडून द्या, बसता-उठता तिथेच फाटतं. हीट गनने तापवून गुडघ्यावर किंवा पातेल्यावर दाबून गोलाई द्या. मग फेव्हिकॉल निम्मं पाणी घालून तीन-चार हात, प्रत्येक हात पूर्ण सुकवून. हे न करता थेट चंदेरी स्प्रे मारला तर फोम रंग पितो आणि दुसऱ्या प्रयोगाला कोपरात भेगा पडतात. त्यावर काळा, आणि काळ्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी. थेट चंदेरी दिव्यात ॲल्युमिनियमच्या डब्यासारखं दिसतं. खांद्याचा तुकडा छातीला चिकटवू नका, पट्ट्याने वरून लटकता ठेवा. नाहीतर नटीचा हात वर जाणार नाही, आणि तिला निशाण उचलायचं आहे.

निशाण : हे तलवारीपेक्षा महत्त्वाचं, तिच्याच म्हणण्यानुसार चाळीस पटींनी. वर्णन तिनेच खटल्यात दिलंय. पांढरं कापड, त्यावर लिलीची फुलं पेरलेली, जगाचं चित्र, दोन्ही बाजूंना देवदूत, बाजूला येशू-मारिया ही नावं, कडेला रेशमी झालर. जाड सॅटिन घेऊ नका, पंख्याच्या वाऱ्यावर ते हलत नाही. मलमल घ्या, फुलं कापडी रंगाने स्टेन्सिल करा. रंग जाड झाला की तेवढा भाग पत्र्यासारखा ताठ होतो, म्हणून पातळ दोन हात. काठी बांबूची चालेल, वर टोक लावा.

आणि मुख्य : तिच्या हातात उपसलेली तलवार कमी, निशाण जास्त. कुणाला मारावं लागू नये म्हणून हल्ल्यात निशाण धरते आणि आपण कुणालाही मारलेलं नाही, असं तिने जबानीत सांगितलंय. याचा अर्थ ती शोभेची बाहुली होती असा नाही. तिच्यासोबत लढलेल्या आलाँसोंच्या ड्यूकची साक्ष आहे की भाला चालवण्यात आणि विशेषतः तोफा मांडण्यात ती तरबेज होती. ९ नोव्हेंबर १४२९ चं रियों शहराला पाठवलेलं तिचं पत्र उपलब्ध आहे, त्यात दारू, सोरा, गंधक, बाण आणि मजबूत क्रॉसबो मागितले आहेत. खाली सही 'जेहान'.

तलवार : सँत कॅथरीन द फिएर्ब्वा इथल्या देवळात वेदीमागे सापडलेली, पात्यावर पाच क्रूस. पाच ठिपक्यांपुरते क्रूस कोरा, मागच्या रांगेला दिसणार नाहीत पण नटीला माहीत असेल.

केस : कानाच्या वर गोल कापलेले. लांब सोडलेल्या केसांचं जे सुप्रसिद्ध रेखाचित्र आहे ते पॅरिसच्या न्यायसभेच्या कारकुनाने १० मे १४२९ ला वहीच्या समासात काढलं. त्याने तिला पाहिलेलं नव्हतं.

---

तळटीप

लोहारआळी यांच्या यादीत भर. जखमा कुठे होत्या ते पाहून ठेवा : ७ मे १४२९, ओर्लेआंच्या तूरेल या किल्ल्यावरच्या हल्ल्यात मान आणि खांदा यांच्या मधे बाण. ८ सप्टेंबर, पॅरिसच्या सँ-तोनोरे वेशीपाशी मांडीत क्रॉसबोचा बाण. त्या दिवशी मारियाच्या जन्माचा सण होता, आणि सणाच्या दिवशी हल्ला केला हेही खटल्यात तिच्यावर काढलं गेलं. कोठडीत ती लंगडली तर चालेल, पण डावा-उजवा पाय दर प्रयोगाला बदलू देऊ नका.

सहावा प्रश्न कुणी घेतला नाही. काढून टाका. लक्ष्मीबाईंना 'हिंदुस्थानची जोन ऑफ आर्क' म्हणायची जुनी सवय आहे, ती तुम्ही उलटी केलीत एवढंच. साम्य घोडा, तरुण वय आणि इंग्रज इथे संपतं. राणी संस्थानाची कारभारी, दत्तकपुत्राच्या हक्कासाठी आधी अर्ज-विनंत्या करून थकलेली, आणि मरण रणात. ही दोंरेमीच्या शेतकऱ्याची मुलगी, अक्षरओळख नसलेली, स्वतःसाठी काहीही न मागणारी, आणि मरण कागदांच्या ढिगाखाली. मराठी प्रेक्षकाला राणी आठवेलच. तुम्ही आठवण करून दिलीत की तो पुढची चाळीस मिनिटं तुलनाच करत बसेल.

---

आडवातिडवा

याच्याशी मात्र सहमत.

एक विचारतो : संतपदाचं १९२० हे साल राजकीय नव्हतं का? पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि फ्रान्स-व्हॅटिकन संबंध १९०४ पासून तुटलेले.

---

तळटीप

होतंच. समारंभाला फ्रान्स सरकारने गाब्रिएल आनोतो यांना खास राजदूत म्हणून पाठवलं आणि १९२१ मध्ये संबंध पुन्हा जुळले. जुलै १९२० मध्ये फ्रेंच संसदेने मे महिन्याचा दुसरा रविवार तिच्या नावाचा राष्ट्रीय दिवस केला, चर्चच्या ३० मे पेक्षा वेगळा, कारण तो ओर्लेआं सुटल्याच्या ८ मे च्या जवळ. एक दिवस मरणाचा, एक विजयाचा. पण प्रकरण १८९४ पासून चालू होतं, त्यामुळे 'युद्धामुळे संत केली' असं लिहू नका. युद्धाने मुहूर्त दिला.

---

रंगपट

सर्वांचे आभार. कलश गेला, राणी गेली, लाल झगा गेला, कारकून मांशों आला. निवेदकाचं शेवटचं असं केलंय :

"३० मे १४३१. चर्चच्या न्यायालयाने तिला पाखंडी ठरवून सरकारच्या हवाली केलं. सरकारी न्यायाधीशाने मृत्यूची शिक्षा सुनावली. पंचवीस वर्षांनी चर्चने तो खटला रद्द केला. १९२० साली तिला संत म्हटलं. हुतात्मा म्हटलं नाही."

आता काही खुपतंय का?

---

वसईचा_वारा

शेवटची दोन वाक्यं बरोबर. त्यांच्यात थांबा घ्या.

---

कैफियत

'सरकारी न्यायाधीशाने मृत्यूची शिक्षा सुनावली' हे वाक्य काढा. नियम तसा होता खरा : चर्चने सरकारच्या हवाली करायचं आणि रूआंच्या बेलीने, म्हणजे सरकारी न्यायाधीशाने, स्वतःचा निकाल द्यायचा. त्या सकाळी घाई इतकी होती की बेलीने निकाल वाचलाच नाही. हजर असलेल्यांनी १४५६ मध्ये तशी साक्ष दिली आहे. तिला सरळ चितेकडे नेलं. त्या वाक्याच्या जागी लिहा : "सरकारी न्यायाधीशाने काहीही सुनावलं नाही."

शिवाय त्याच सकाळी कोठडीत तिला कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) दिलं गेलं होतं, आणि ते कोशों यांच्या परवानगीने. काही तासांत धर्मबाह्य ठरवायच्या बाईला. मांशोंच्या तोंडी हे घालता आलं तर पाहा. चौथरा प्लास्टरचा आणि उंच बांधा : जल्लादाला वर पोचून तिचा शेवट लवकर करता आला नाही, तो त्या उंचीमुळे.